चालू डेटाबेसखालची डिस्क वाढवताना: एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएलचा होता. लिनक्सवर चालणारा एक प्राथमिक सर्व्हर आणि त्याच्याकडून येणाऱ्या नोंदी सतत लागू करत राहणारा एक स्टँडबाय, अशी रचना होती. दोन्ही सर्व्हरवर डेटा डिरेक्टरी सामायिक स्टोरेजवरून दिलेल्या १.५ टेबीबाइटच्या डिस्कवर होती. त्या डिस्कवर एकच पार्टिशन, पार्टिशनवर एलव्हीएम या लिनक्सच्या जागा-व्यवस्थापकाचा फिजिकल व्हॉल्यूम, त्याच्या व्हॉल्यूम ग्रुपमधून काढलेला लॉजिकल व्हॉल्यूम आणि त्यावर एक्सएफएस फाइल सिस्टिम, असे थर एकावर एक उभे होते. वॉल (राइट-अहेड लॉग) फाइल्स, म्हणजे प्रत्येक बदल डेटा फाइल्सच्या आधी जिथे नोंदला जातो त्या फाइल्स, वेगळ्या, लहान डिस्कवर ठेवलेल्या होत्या. डेटाची डिस्क ९१ टक्के भरली तेव्हा मागणी आली ती अशी: डेटाबेस बंद न करता डिस्क दुप्पट करून द्यावी.

मागणी साधी दिसते, पण अशा रचनेत आकाराची नोंद पाच ठिकाणी स्वतंत्रपणे असते: स्टोरेजवर, पार्टिशन टेबलमध्ये, फिजिकल व्हॉल्यूमच्या माहितीत, लॉजिकल व्हॉल्यूममध्ये आणि फाइल सिस्टिममध्ये. खालचा थर वाढला म्हणून वरच्या थराला ते आपोआप कळत नाही, आणि प्रत्येक थर स्वतःजवळच्या आकड्यावर पूर्ण विश्वास ठेवून लिहीत राहतो. म्हणून वाढवताना खालून वर जायचे असते आणि कमी करताना वरून खाली. हा क्रम बहुतेकांना ठाऊक असतो. त्याहून कमी विचारला जाणारा प्रश्न असा की, या साखळीतील कोणत्या पायरीवरून मागे फिरता येते आणि कोणत्या पायरीवरून येत नाही. एक्सएफएस एकदा वाढवली की व्यवहारात लहान करता येत नाही. मोठ्या क्लाउड सेवांच्या डिस्कही वाढवता येतात, पण कमी करता येत नाहीत. त्यामुळे या कामाच्या आराखड्यात प्रत्येक पायरीसमोर ‘इथून परत कसे जायचे’ हे आधी लिहिले गेले, आणि ज्या पायरीसमोर ती जागा रिकामी राहिली ती पायरी शेवटी ढकलण्यात आली. माझ्या मते संपूर्ण कामातील सर्वांत उपयोगी निर्णय हाच होता.

जागा कशाने भरली?

डिस्क वाढवण्यापूर्वी ती कशाने भरत आहे हे पाहणे आवश्यक होते, आणि त्या तपासणीत दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. पहिली म्हणजे वॉलची लहान डिस्कही हळूहळू भरत होती, पण तिचा वाढत्या डेटाशी संबंध नव्हता. पूर्वी एका अहवाल प्रणालीला बदल पाठवण्यासाठी तयार केलेला लॉजिकल रेप्लिकेशन स्लॉट ती प्रणाली बंद झाल्यावरही तसाच राहिला होता. स्लॉटचा वाचक परत येईल या समजुतीने सर्व्हर त्याच्यासाठी वॉल फाइल्स राखून ठेवत होता. अशा वेळी वॉलची डिस्क वाढवली असती तर दुखणे काही दिवस लपले असते, इतकेच. स्लॉट खरोखर अनाथ आहे याची संबंधितांकडून लेखी खात्री करून तो काढून टाकला गेला, आणि पुढच्या काही चेकपॉइंटनंतर (म्हणजे स्मृतीतील बदल डेटा फाइल्समध्ये उतरवण्याच्या फेऱ्यांनंतर) साचलेल्या फाइल्स सर्व्हरनेच हटवल्या. वॉलची डिरेक्टरी हाताने साफ करण्याचा मोह येथे मोठा असतो आणि तो कटाक्षाने टाळला पाहिजे. त्यातील एखादी आवश्यक फाइल गेली तर बंद पडलेला डेटाबेस पुन्हा उभाच राहू शकत नाही. डेटाची डिस्क भरली तर सहसा लिहिणारे व्यवहार त्रुटी देऊन अपयशी ठरतात, पण वॉलची डिस्क भरली तर पोस्टग्रेएसक्यूएल संपूर्ण सर्व्हरच थांबवते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. आवृत्ती १३ पासून एखाद्या स्लॉटने किती वॉल अडवून ठेवावी याला मर्यादा घालता येते, मात्र मूळ मांडणीत ही मर्यादा लावलेली नसते. ती या निमित्ताने लावली गेली.

दुसरी गोष्ट डेटाच्या डिस्कची. येथील वाढ बहुतांशी खरी होती. एका मोठ्या टेबलाचा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) फुगलेला होता आणि तो नव्याने बांधला तर बरीच जागा सुटेल हे दिसत होते. परंतु व्यवहार न थांबवता इंडेक्स बांधायचा तर नवा पूर्ण तयार होईपर्यंत जुनाही जागेवर राहतो, म्हणजे जागा सोडवण्यासाठीच आधी जागा लागते. उरलेल्या सुमारे १३८ गिबीबाइटमध्ये ते करणे म्हणजे डिस्क काठोकाठ भरण्याचा धोका पत्करणे. टेबल पूर्ण आकसून घेणारा व्हॅक्यूम फुल हा मार्ग तर टेबलावर पूर्ण कुलूप लावतो आणि दुसरी प्रत ठेवण्याइतकी जागाही मागतो. तेव्हा डिस्क आधी वाढवणे आणि आवराआवर नंतर करणे, हा क्रम ठरला.

पार्टिशन टेबलची अडचण

मूळ आराखडा असा होता की स्टोरेजवर तीच डिस्क ३ टेबीबाइटची करायची, पार्टिशनचा शेवट पुढे सरकवायचा आणि मग वरचे थर एकेक करून वाढवायचे. कागदावर हा सर्वांत छोटा रस्ता होता. तपासणीत मात्र पार्टिशन टेबल जुन्या एमबीआर पद्धतीचे निघाले. एमबीआरमध्ये पार्टिशनची सुरुवात आणि लांबी प्रत्येकी ३२ बिटांत लिहिली जाते. डिस्कचे मोजमाप ज्या लहान तुकड्यांत होते तो सेक्टर ५१२ बाइटचा धरला तर २ टेबीबाइटच्या पलीकडची लांबी तेथे लिहिताच येत नाही. म्हणजे स्टोरेजने ३ टेबीबाइट दिले असते तरी एक तृतीयांश जागा त्या पार्टिशनच्या आवाक्याबाहेर राहिली असती.

एमबीआरचे जीपीटी या नव्या पद्धतीत जागच्या जागी रूपांतर करणारी साधने आहेत आणि ती विश्वासार्हही आहेत. म्हणून डिस्कची प्रत घेऊन वेगळ्या चाचणी सर्व्हरवर पार्टिशन बदलण्याचे दोन्ही प्रकार, म्हणजे हे रूपांतर आणि पार्टिशन पुसून पुन्हा बनवणे, करून पाहण्यात आले. तेथे जे दिसले त्यामुळे आराखडाच बदलला. जुने पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू होत होते, कारण ते जुन्या काळच्या साधनाने बनवले होते. आजची साधने नवे पार्टिशन न सांगता २०४८व्या सेक्टरपासून सुरू करतात. चाचणीत पार्टिशन पुसून, सुरुवात न तपासता पुन्हा बनवल्यावर काहीच बिघडले नाही. फाइल सिस्टिम माउंट केलेलीच (वापरासाठी जोडलेलीच) होती, डेटाबेस वाचत-लिहीत होता. याचे कारण असे की वापरात असलेल्या डिस्कचे पार्टिशन टेबल कर्नल सहजासहजी नव्याने वाचत नाही आणि जुन्याच माहितीवर काम चालू ठेवते. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर मात्र एलव्हीएमला फिजिकल व्हॉल्यूमची खूण सापडेना, कारण ती खूण पार्टिशनच्या सुरुवातीपासून मोजून शोधली जाते आणि सुरुवातच सरकलेली होती. डेटा जागच्या जागी होता. पार्टिशन पुन्हा ६३ पासून बांधताच सर्व काही दिसू लागले.

ही चूक दुरुस्त होण्यासारखी असली, तरी ती उशिरा उघड होते हा तिचा खरा धोका आहे. काम करणारी व्यक्ती सर्व तपासण्या पार करून निश्चिंत होते, आणि कित्येक महिन्यांनी कर्नल अद्ययावत करण्यासाठी दुसरेच कोणी सर्व्हर पुन्हा सुरू करते तेव्हा डेटाबेसची डिस्क नाहीशी झालेली असते. जी पायरी बरोबर झाली की चुकली हे त्याच क्षणी तपासता येत नाही, ती पायरी चालू डेटाबेसखाली करू नये, असे माझे ठाम मत आहे. शिवाय ६३व्या सेक्टरपासून सुरू होणारे पार्टिशन ४ किलोबाइटच्या सीमेशी जुळत नाही, त्यामुळे तेच पुढे नेण्यात फायदाही नव्हता.

उरलेल्या दोन पर्यायांपैकी एक सोपा होता: दुसरी डिस्क घेऊन ती त्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये जोडायची आणि लॉजिकल व्हॉल्यूम दोन्ही डिस्कवर पसरू द्यायचा. तो नाकारण्याचे कारण स्टोरेज पातळीवरचे स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या एका क्षणाच्या गोठवलेल्या प्रती. एकच फाइल सिस्टिम दोन डिस्कवर पसरली की दोन्हींचे स्नॅपशॉट एकाच क्षणी घ्यावे लागतात. थोडा जरी फरक पडला तरी मिळणारी प्रत निरुपयोगी होऊ शकते, आणि ती तशी आहे हे परत आणण्याच्या वेळीच कळते. दुसरा पर्याय म्हणजे ३ टेबीबाइटची नवी डिस्क घ्यायची, तिच्यावर पार्टिशन न करता संपूर्ण डिस्कच फिजिकल व्हॉल्यूम करायची, एलव्हीएमच्या पीव्हीमूव्ह या आज्ञेने सर्व डेटा चालू स्थितीत तिच्यावर हलवायचा आणि जुनी डिस्क सोडून द्यायची. यास वेळ अधिक लागतो आणि स्टोरेजवर तात्पुरती दोन्ही डिस्कइतकी जागा लागते, पण यातील जवळपास प्रत्येक पायरीवरून परत येता येते. हाच पर्याय निवडला गेला.

तयारी

बॅकअप तर हवाच होता. तो घेतला आहे एवढ्यावर न थांबता तो वेगळ्या यंत्रावर उभा करून, त्यावर नंतरचे वॉल लागू करून पाहिले गेले. व्हॉल्यूम ग्रुपच्या माहितीची प्रत आणि लॉजिकल व्हॉल्यूमची एक्स्टेंटमधील (एलव्हीएम ज्या समान तुकड्यांत जागा मोजते त्यांतील) अचूक लांबी सर्व्हरबाहेर लिहून ठेवली गेली. ४ मेबीबाइटच्या एक्स्टेंटने मोजता ती सुमारे ३ लाख ९३ हजार एक्स्टेंट होती, आणि पुढे मागे फिरण्याची वेळ आलीच तर ‘सुमारे’ चालणार नव्हते, शेवटच्या अंकापर्यंतचा आकडा लागला असता.

नवी डिस्क जोडण्याआधी तिच्याविषयी तीन प्रश्न विचारले गेले. स्टोरेजवर जागा गरजेनुसार वाटली जात असेल तर ३ टेबीबाइट दिसत असूनही खालच्या पूलमध्ये (सामायिक साठ्यात) तेवढी जागा नसू शकते. शिवाय पीव्हीमूव्ह फाइल सिस्टिममधील मोकळे भागही हलवते, त्यामुळे पूर्ण १.५ टेबीबाइट पूलमधून लगेच खर्ची पडतात. पूल भरला तर त्यावर अवलंबून असलेले सगळेच सर्व्हर अडचणीत येतात, म्हणून हा आकडा स्टोरेज सांभाळणाऱ्यांकडून आधी घेतला गेला. दुसरा प्रश्न लॉजिकल सेक्टरचा होता. ५१२ बाइटच्या सेक्टरवर बनवलेली एक्सएफएस फक्त ४०९६ बाइटचे सेक्टर देणाऱ्या डिस्कवर नेली तर ती माउंट होत नाही. एलव्हीएमच्या नव्या आवृत्त्या अशा दोन डिस्क एका ग्रुपमध्ये घ्यायला नकार देतात, जुन्या देत नाहीत. तेव्हा दोन्ही डिस्कचा सेक्टर आकार प्रत्यक्ष वाचून जुळवला गेला. तिसरा प्रश्न ओळखीचा. लिनक्सने डिस्कला दिलेले एसडीबी, एसडीसी असे नाव कायमचे नसते. प्राथमिक सर्व्हरवर नवी डिस्क ज्या नावाने आली, त्याच नावाने स्टँडबायवर वॉलची वापरातील डिस्क होती. एका सर्व्हरसाठी लिहिलेली आज्ञा दुसऱ्यावर जशीच्या तशी चालवली असती तर काय झाले असते याची कल्पना करता येते. त्यामुळे सर्व आज्ञांमध्ये डिस्कचा जागतिक ओळख क्रमांक असलेला मार्ग वापरला गेला आणि तो स्टोरेजकडील क्रमांकाशी दोन जणांनी पडताळला. एलव्हीएम डिस्कवर आधीची खूण दिसली तर विचारते. त्या प्रश्नाला आपोआप ‘हो’ म्हणणारे पर्याय वापरायचे नाहीत, असेही ठरले. रिकाम्या डिस्कवर असा प्रश्न यायलाच नको, आणि आलाच तर थांबायचे.

आधी स्टँडबाय

सुरुवात स्टँडबायपासून करण्याची दोन कारणे होती. एक म्हणजे ती खऱ्या डेटावरची तालीम होते. दुसरे अधिक महत्त्वाचे: प्राथमिक सर्व्हरची फाइल सिस्टिम आधी मोठी झाली आणि डेटा जुन्या मर्यादेपुढे गेला, तर लहान डिस्कवरचा स्टँडबाय जागा संपून थांबतो, म्हणजे नेमका राखीव सर्व्हरच हातचा जातो.

पीव्हीमूव्ह डेटाचा एकेक भाग घेऊन जुन्या व नव्या डिस्कमध्ये तात्पुरता आरसा तयार करते. नवे लिखाण दोन्हीकडे जाते, भाग पूर्ण झाला की नोंद नव्या डिस्ककडे वळते आणि पुढचा भाग घेतला जातो. मध्येच सर्व्हर बंद पडला तर काम जेथे थांबले तेथून पुढे सुरू करता येते, आणि मध्येच रद्द केले तर झालेला भाग नव्या डिस्कवर, उरलेला जुन्या डिस्कवर अशी अर्धी-अर्धी पण सुसंगत स्थिती राहते. स्टँडबायवर हे काम चालू असताना नोंदी लागू करण्यातील विलंब वाढला. तो अपेक्षित होता आणि काम संपल्यावर भरून निघाला. त्यानंतर स्टँडबाय व्यवस्थित बंद करून सर्व डेटा पानांचे चेकसम (मजकूर बदलला का हे ओळखणारे पडताळणी-अंक) तपासले गेले. या डेटाबेसमध्ये चेकसम सुरुवातीपासून चालू होते, म्हणूनच हे शक्य झाले. हलवलेला प्रत्येक ब्लॉक शाबूत आहे याचा याहून थेट पुरावा दुसरा नाही. मग सर्व्हर मुद्दाम पुन्हा सुरू करून डिस्क, व्हॉल्यूम आणि माउंट आपोआप येतात हे पाहिले गेले, कारण चाचणीतील धडा हाच होता.

प्राथमिक सर्व्हरवर सगळा डेटा एका दमात न हलवता एक्स्टेंटच्या पट्ट्या ठरवून, कमी गर्दीच्या वेळी एकेक पट्टी हलवली गेली. वॉल वेगळ्या डिस्कवर असल्याने व्यवहार पक्के होण्याचा वेळ फारसा वाढला नाही. भार दिसला तो चेकपॉइंटमध्ये. लॉगमध्ये चेकपॉइंटच्या फाइल्स डिस्कवर पक्क्या करण्याला लागणारा वेळ वाढत चालला की पुढची पट्टी थांबवायची, असा निकष ठेवला होता. एका रात्री तो निकष ओलांडला गेला आणि काम थांबवून दुसऱ्या रात्रीवर टाकले गेले. पट्ट्यांमुळे हे शांतपणे करता आले. एकच मोठी आज्ञा चालू असती तर थांबवायचे की नाही यावरच चर्चा झाली असती. सर्व पट्ट्या झाल्यावर नवा पूर्ण बॅकअप घेतला गेला. तो घेताना पोस्टग्रेएसक्यूएल वाचलेल्या पानांचे चेकसम तपासते, त्यामुळे येथे सर्व्हर बंद न करताही जवळपास तीच खात्री मिळाली.

जागा वाढवणे, आणि न वाढवणे

आता प्रत्यक्ष वाढ उरली होती. लॉजिकल व्हॉल्यूम आणि फाइल सिस्टिम एकाच आज्ञेत वाढवण्याची सोय एलव्हीएममध्ये आहे आणि ती चुकीची नाही. येथे मात्र दोन्ही पायऱ्या वेगळ्या केल्या गेल्या, कारण त्यांच्यामधली रेषा महत्त्वाची आहे. लॉजिकल व्हॉल्यूम वाढवला तरी जोवर फाइल सिस्टिमला नव्या जागेची माहिती दिलेली नाही, तोवर त्या शेपटीत काहीही लिहिले जात नाही आणि लिहून ठेवलेल्या अचूक लांबीवर व्हॉल्यूम परत आणता येतो. फाइल सिस्टिम वाढवली की ती वाट बंद होते. म्हणून पहिली पायरी झाल्यावर दोन्ही सर्व्हरवरचे आकडे शेजारी ठेवून पाहिले गेले, आणि मगच एक्सएफएस वाढवण्याची आज्ञा दिली गेली. एक्सएफएस माउंट असतानाच वाढते. डेटाबेसला काही जाणवले नाही.

फाइल सिस्टिम ३ टेबीबाइटची मात्र केली गेली नाही. ती २.२५ टेबीबाइटची झाली आणि उरलेली जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी ठेवली गेली. यावर आक्षेप आला की दिलेली जागा न वापरणे म्हणजे ती वाया घालवणे. मला हा आक्षेप पटत नाही. मोकळी ठेवलेली जागा काही सेकंदांत, काम न थांबवता फाइल सिस्टिमला देता येते; दिलेली जागा मात्र परत घेता येत नाही. शिवाय एखादी चौकशी (क्वेरी) बेफाम झाली आणि तिच्या तात्पुरत्या फाइल्सनी डिस्क भरली, तर मागे असा साठा असणे म्हणजे विचार करायला वेळ मिळणे.

जुन्या डिस्कबाबत एक गैरसमज दूर करावा लागला. ती काही दिवस तशीच ठेवली तर गरज पडल्यास तिच्यावर परत जाता येईल, असे काहींना वाटत होते. पीव्हीमूव्ह पूर्ण झाल्यानंतरचे लिखाण जुन्या डिस्कवर पोहोचतच नाही आणि पट्ट्या वेगवेगळ्या वेळी हलवल्याने तिच्यावरील भाग वेगवेगळ्या क्षणांचे असतात; तिच्यावर डेटाबेस उभा करणे शक्य नाही. परत जायचेच असते तर उलट दिशेने पीव्हीमूव्ह करावे लागले असते, आणि तेही लॉजिकल व्हॉल्यूम जुन्या डिस्कवर मावेल इतका लहान असेपर्यंतच. त्यामुळे ती रिकामी असल्याचे पाहून ग्रुपमधून काढली गेली, सर्व्हरवरून तिची जोडणी आधी हटवली गेली आणि त्यानंतरच स्टोरेजवर ती सोडली गेली. हा क्रम उलटा झाला तर सर्व्हर हरवलेल्या डिस्कला हाका मारत राहतो आणि लॉग त्रुटींनी भरतो.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये काम येथे थांबते, कारण त्याच्या डेटा फाइल्सना फाइल सिस्टिमखेरीज वेगळी आकारमर्यादा लावलेली नसते. इतर डेटाबेसमध्ये आणखी एक थर उरतो. ओरॅकलमध्ये एएसएम ही त्याची स्वतःची डिस्क-व्यवस्था वापरत असाल तर क्लस्टरमधल्या प्रत्येक नोडला डिस्कचा नवा आकार दिसल्यावरच डिस्क ग्रुप वाढवता येतो, आणि त्यानंतरही प्रत्येक डेटाफाइलची कमाल मर्यादा पाहावी लागते. ८ किलोबाइटच्या ब्लॉकवर नेहमीच्या डेटाफाइलची मर्यादा सुमारे ३२ गिगाबाइट असते. एसक्यूएल सर्व्हरमध्येही फाइलला घातलेली कमाल मर्यादा डिस्क मोकळी असूनही लिखाण अडवू शकते.

फुगलेला इंडेक्स त्यानंतर व्यवहार न थांबवता नव्याने बांधला गेला. जागेच्या इशाऱ्याचा निकष केवळ टक्क्यांवर न ठेवता, चालू वेगाने डिस्क किती दिवसांत भरेल यावर ठेवला गेला. बॅकअप उभा करून पाहण्याच्या यंत्रावरही तेवढीच जागा देण्याची मागणी त्याच वेळी नोंदवली गेली, कारण डेटा जुन्या मर्यादेपुढे गेला की बॅकअप तेथील जुन्या डिस्कवर मावणार नव्हता.